चौऱ्याहत्तरांपैकी पंचावन्न

‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेने २४ मे १९४१ च्या सकाळी रणातून पाय काढता घेतला आणि त्यामागे तिच्या कॅप्टनचं कच्चं काळीज होतं, असं मी आयुष्यातली बरीच वर्षं मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, चार लोकांत ठासून बोलतही होतो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशामुळे बदललं हे सांगायचं तर शौर्याबद्दल थोडं आणि तोफेच्या बसवणीबद्दल पुष्कळ सांगावं लागेल, कारण मला वळवलं ते तोफेने.

त्या सकाळची हकिगत अनेकांना ठाऊक असेल. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत ‘हूड’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या दोन ब्रिटिश नौका ‘बिस्मार्क’ आणि ‘प्रिन्झ ऑयगन’ या जर्मन नौकांना भिडल्या. पाच वाजून बावन्न मिनिटांनी ‘हूड’ने पहिली फैर झाडली. सहाच्या सुमारास ‘हूड’चं दारूकोठार फुटलं आणि ती दुभंगून बुडाली. तिच्यावरच्या १४१८ जणांपैकी तिघे वाचले. मग जर्मन तोफांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ला धरलं. एक गोळा तिच्या ब्रिजमधून आरपार गेला आणि तिथली जवळजवळ सगळी माणसं गेली. कॅप्टन जॉन लीच वाचले. थोड्याच वेळात त्यांनी धुराचा पडदा सोडला आणि नौका वळवली. शत्रू समोर, नौका तरंगती, इंजिनं धडधाकट, आणि तरी माघार. ‘सिंक द बिस्मार्क’ हा १९६० चा चित्रपट मी तरुणपणी पाहिला तेव्हापासून ही माघार माझ्या मनात सलत होती. खुद्द नौदलप्रमुख अॅडमिरल पाउंड यांना लीच यांच्यावर कोर्ट मार्शल चालवायचं होतं, हे पुढे वाचलं तेव्हा माझं मत आणखी पक्कं झालं.

या मताला माझ्या नोकरीचाही आधार होता. मी पुण्याजवळच्या कारखान्यांत अवजड यंत्रांच्या बांधणीत होतो, उत्पादनाच्या बाजूला. माल वेळेवर दाराबाहेर पडला पाहिजे, हे आमचं व्रत. चाचणी विभाग आम्हाला अडवणारा. ते लोक आणखी आठ दिवस मागायचे, आम्ही म्हणायचो की राहिलेलं साइटवर पाहून घेऊ. यंत्र जोडलं, रंगवलं, एकदा फिरवून पाहिलं, म्हणजे ते तयार झालं. त्यापुढे जे होतं ते कागद भरणं. वेळ मागणारा माणूस जबाबदारी टाळतो, अशी माझी मनोमन समजूत होती. लीच यांच्याकडे मी त्याच नजरेने पाहत होतो.

पहिला धक्का बसला तो अॅडमिरल टोवी यांच्या अहवालाने. ‘बिस्मार्क’चा पाठलाग करून तिला बुडवण्याची मोहीम त्यांच्या हुकमतीखाली झाली. तिचा त्यांनी लिहिलेला वृत्तांत युद्धानंतर, १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ लढाईच्या जेमतेम आठवडाभर आधी कामगिरीला तयार म्हणून कळवली गेली होती आणि तिच्या तोफांचे बुरूज नव्या, न पारखलेल्या बनावटीचे होते, असं त्यात स्वच्छ नमूद आहे. हे वाक्य मी एखाद्या सबबीसारखं वाचून पुढे जाणार होतो. पण ‘न पारखलेल्या’ म्हणजे नेमकं काय राहिलं होतं, हे पाहावंसं वाटलं. यंत्राच्या माणसाला तेवढी खोड असतेच. तिथून मी त्या बुरुजाच्या पोटात शिरलो.

तोफ १४ इंची. नळी सुमारे १६ मीटर लांब, वजन ऐंशी टनांच्या आसपास, गोळा ७२१ किलोंचा, आणि तो फेकायला दीडशे किलोंवर कॉर्डाइट दारू. अशा दहा तोफा. नाळेकडे चार तोफांचा एक बुरूज, त्याच्या मागे वरच्या पातळीवर दोन तोफांचा, आणि मागच्या अंगाला पुन्हा चार तोफांचा. मुळात तिन्ही बुरूज चौतोफी व्हायचे होते. पण दारूकोठारांवरचं चिलखत वाढवायला वजन हवं होतं, म्हणून मधला दोन तोफांचा केला. त्याचा आराखडा नव्याने करावा लागला आणि त्यात वेळ गेला. चौतोफी बुरुजाचं वजन दीड हजार टनांच्या घरात जातं. डेकवर आपल्याला दिसतो तो चिलखती डबा म्हणजे त्याचं फक्त डोकं. धड खाली कित्येक मजले, नौकेच्या तळापर्यंत गेलेलं असतं, आणि वरचं डोकं फिरलं की त्याच्याबरोबर खालचा गाभाही फिरतो.

असा बुरूज आधी कारखान्यातच उभा करत. बॅरो आणि एल्सविकच्या विकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यांत त्यासाठी खोल खड्डे होते. खड्ड्यात बुरूज जोडायचा, फिरवायचा, तोफा वरखाली करायच्या, गोळा उचलणारी यंत्रणा चालवून पाहायची. मग भागाभागावर खुणा करून सगळा सुटा करायचा आणि समुद्रमार्गे गोदीकडे धाडायचा. नळीची पारख वेगळी. किनाऱ्यावरच्या मैदानात ती नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवतात आणि मग आतून-बाहेरून तपासतात. इथवर सगळं कारखान्याच्या जमिनीवर. माझ्या जुन्या हिशेबाने तोफ इथेच तयार झाली होती.

पण तोफ बसायची असते नौकेवर. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्डच्या गोदीत बांधली गेली. १ जानेवारी १९३७ ला काम सुरू झालं, ३ मे १९३९ ला ती पाण्यात उतरली. चार महिन्यांत युद्ध पेटलं. ऑगस्ट १९४० मध्ये, आतलं काम चालू असताना, जर्मन बाँब तिच्या अगदी बाजूला, पाण्यात फुटला. आत पाणी शिरून ती कलली. गोदीत राहणं धोक्याचं झाल्यावर जानेवारी १९४१ मध्ये तिला स्कॉटलंडमधल्या रोसाइथला हलवलं आणि उरलेलं काम तिथे चालू ठेवलं. ३१ मार्चला नौका पूर्ण झाल्याची नोंद झाली. पण शेवटचे बुरूज कंत्राटदारांकडून नौदलाच्या ताब्यात आले तेव्हा एप्रिल संपत आला होता. पुढे महिनाभरात ती ‘बिस्मार्क’समोर उभी होती.

तो महिना आणि त्याआधीचे काही आठवडे कशासाठी हवे असतात, हे मी आता जरा विस्ताराने सांगतो. माझं मत बदललं ते इथे.

बुरूज नौकेत उतरवताना आधी त्याच्या खालची गोल वाट, म्हणजे ज्यावर पोलादी रोलर फिरतात ती कडी, यंत्राने तासून समपातळीत आणावी लागते. जात्याची खालची तळी कलती असली तर वरची कितीही नीट टाकली तरी पीठ एकसारखं पडत नाही. इथेही तसंच, फक्त कलतेपणा मोजायचा तो कोनाच्या बारीक अंशांत, कारण वीस किलोमीटरवरच्या लक्ष्याला तेवढ्या चुकीने गोळा कुठल्या कुठे जातो. मग तिन्ही बुरुजांची पातळी एकमेकांशी आणि उंचावर बसून नेम देणाऱ्या यंत्राशी जुळवायची. हे करताना नौका शांत पाण्यात हवी आणि तिच्यावरचं वजन जवळजवळ शेवटचं हवं. एका बाजूला ऊन लागलं तरी त्या बाजूचं पोलाद प्रसरण पावतं आणि मापं हलतात.

त्यानंतर समुद्रावर. एकेक तोफ उडवायची, आधी कमी दारूने, मग पूर्ण. सरळ पुढे, आडवी, जितकी मागे वळेल तितकी वळवून, खाली झुकवून, वर उचलून. प्रत्येक बारानंतर तोफ किती मागे सरकली, किती वेळात जागेवर आली, पाइपांतला दाब कुठे पडला, डेकच्या फळ्या उचकटल्या का, खालच्या मजल्यांवर कुठलं बूड सैल झालं, हे सगळं टिपून घ्यायचं. मग दोन तोफा एकत्र, मग पूर्ण फैर. आणि हे झालं की पुन्हा पहिल्यापासून, या वेळी उडवायला नौकेवरचेच खलाशी, पूर्ण वेगात, दिवसा आणि रात्री, वळणं घेत. नौका खवळलेल्या समुद्रात वाकते. तिचं पोट लाटेच्या माथ्यावर असतं तेव्हा ती एका बाजूने ताणली जाते, दोन लाटांच्या मधे असते तेव्हा दुसऱ्या बाजूने. खड्ड्यातल्या बुरुजाला हे कधीच अनुभवावं लागत नाही.

आणि नेमकं इथेच या बुरुजाचं दुखणं होतं. गोळाकोठार नौकेला जखडलेलं, बुरूज फिरता. जखडलेल्या जागेतून फिरत्या जागेत ७२१ किलोंचा गोळा न्यायचा कसा? त्यासाठी मधे एक फिरतं कडं बसवलेलं होतं. ते कधी कोठाराशी जुळून गोळे घ्यायचं, कधी बुरुजाशी जुळून द्यायचं. कल्पना सुंदर आहे. बुरूज कुठल्याही दिशेला वळलेला असला तरी गोळ्यांचा ओघ थांबत नाही. पण फिरता भाग आणि जखडलेला भाग यांच्यात ठेवलेली फट नौकेच्या वाकण्याला पुरत नव्हती. बॅरोच्या खड्ड्यात ती पुरली होती. मी ज्याला ‘साइटवर पाहून घेऊ’ म्हणत होतो, ते हेच.

दुसरं दुखणं जास्त खोल आहे. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर, ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’, स्फोटांनी फुटून गेल्या. बुरुजात पेटलेली ज्वाळा दारू वर नेणाऱ्या वाटेने खाली कोठारापर्यंत पोचली, हा त्यातून घेतलेला धडा. पुढच्या पिढीच्या आखणीकारांनी ठरवलं की अशी उघडी वाट पुन्हा कधी ठेवायची नाही. म्हणून या बुरुजात प्रत्येक टप्प्याला इंटरलॉक आले. खालचं दार बंद झाल्याशिवाय वरचं उघडणार नाही, गोळा जागेवर बसल्याशिवाय दारूचे थैले हलणार नाहीत, थैले आत गेल्याशिवाय पुढचं हत्यार वळणार नाही. चार तोफांच्या चार साखळ्या, आणि प्रत्येक साखळीत माणसांनी योग्य क्षणी योग्य दांडा ओढायचा. एकाने अर्धा क्षण आधी ओढला की ती तोफ त्या फैरीला मुकली. यंत्रात बिघाड नसतानाही बार चुकायचे, हात सरावलेले नव्हते म्हणून. या इंटरलॉकना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. त्याच सकाळी, काहीशे मीटरांवर, ‘हूड’ कोठारातल्या स्फोटाने गेली. ज्यांनी ते इंटरलॉक बसवले त्यांची भीती खरीच होती. पण सुरक्षिततेसाठी घातलेली एवढी कुलपं माणसांच्या अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि ते महिने कुणी दिले नाहीत.

आता तीच सकाळ बुरुजाच्या आतून पाहू. पुढच्या चौतोफी बुरुजातली एक तोफ पहिल्याच फैरीनंतर गप्प बसली. ती बसणार हे आधीच माहीत होतं, बिघाड सापडलेला होता, दुरुस्तीला सवड नव्हती. तरी सहाव्या फैरीला गोळे ‘बिस्मार्क’च्या दोन्ही अंगांना पडले, म्हणजे नेम बरोबर लागला. एक कडं अडकलं, ते सोडवलं, दुसरीकडे इंटरलॉकने तोफ रोखली. अठरा फैरींत ७४ गोळे सुटायला हवे होते, सुटले ५५. मग लीच यांनी नौका वळवली, ती वेगात कलली आणि मागच्या बुरुजाचं कडंच अडकून पडलं. चार तोफा एकदम बंद. ते मोकळं झालं तोवर लढाई संपली होती.

आणि त्या बुरुजांत कोण होतं? नौदलाचे खलाशी होतेच, पण त्यांच्याबरोबर विकर्स-आर्मस्ट्राँगचे फिटरही होते. काम पुरं झालेलं नव्हतं म्हणून नौका स्कापा फ्लो या नौदलतळाहून निघाली तेव्हा ते तिच्यावरच राहिले. गणवेश नाही, लढाईचं प्रशिक्षण नाही. हातात पाने, अंगावर तेलाने माखलेले कपडे, वर ‘हूड’च्या स्फोटाचा हादरा, बाजूला ३८ सेंटिमीटरचे गोळे पडताहेत, आणि हे लोक अडकलेलं कडं सोडवताहेत. मी ज्यांच्याशी आयुष्यभर भांडलो, त्या चाचणीवाल्यांचंच काम हे लोक शत्रूच्या माऱ्याखाली करत होते. या एका गोष्टीपाशी माझं जुनं मत पूर्ण कोसळलं. चाचणी टाळली म्हणून ती झाली नाही असं होत नाही. ती होतेच, फक्त तिची जागा बदलते आणि जोखीम कुणीतरी दुसरा उचलतो. या फिटरांची नावं कुठल्याही स्मारकावर मोठ्या अक्षरांत नाहीत, पण नौदलाच्या इतिहासात मला त्यांच्याइतका आदर फार थोड्यांबद्दल वाटतो.

लीच यांच्याविषयी एक गोष्ट मी फार उशिरा वाचली. या नौकेवर येण्याआधी ते नौदलाच्या तोफखाना विभागाचे संचालक होते, म्हणजे तोफा आणि बुरूज यांची जबाबदारी असलेल्या खात्याचे प्रमुख. त्या सकाळी ब्रिजवर जो माणूस उभा होता त्याला आपल्या पायाखाली काय चाललं आहे हे इंग्लंडातल्या बहुतेक कॅप्टनांपेक्षा जास्त कळत होतं. नौका तयार आहे असं त्यांनीच वरिष्ठांना कळवलं होतं, आणि त्या ‘तयार’चा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. भोवती मेलेली माणसं, समोर दोन नौका, आणि दर फैरीला किती तोफा उडतील याचा भरवसा नाही. अशा वेळी त्यांनी घेतलेला निर्णय मला आता तोफेच्या जाणकाराचा निर्णय वाटतो. टोवी यांनाही तो योग्य वाटला. कोर्ट मार्शल झालंच तर आपण पद सोडून लीच यांच्या बचावाला उभे राहू, असं आपण वर कळवल्याचं टोवी यांनी पुढे सांगितलं. कोर्ट मार्शल झालं नाही.

इथे मी थांबलो असतो तर मत बदलणं सोपं होतं. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्या अर्ध्यामुर्ध्या तोफांनी ‘बिस्मार्क’वर तीन गोळे लावले. त्यांतला एक तिच्या नाळेतून आरपार गेला आणि पुढच्या टाक्यांमधल्या तेलाचा उपयोग संपला. अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांची शिकार करण्याचा बेत सोडून तिला फ्रान्सच्या किनाऱ्याकडे वळावं लागलं, आणि त्याच वाटेवर २७ मे रोजी ती बुडाली. म्हणजे चाचणी अपुरी ठेवून पाठवलेल्या नौकेनेच ‘बिस्मार्क’चा बेत मोडला. रोसाइथमध्ये कुणी हट्टाने ‘आणखी दोन महिने’ म्हटलं असतं, तर हे तीन गोळे लागले नसते.

दुसरीकडे ‘बिस्मार्क’ पाहा. ती ऑगस्ट १९४० मध्ये नौदलात दाखल झाली आणि पुढचे नऊ महिने तिने बहुतेक बाल्टिकमध्ये, शत्रूपासून सुरक्षित पाण्यात चाचण्या आणि सराव यांत घालवले. डेन्मार्क सामुद्रधुनीत तिच्या आठ तोफांनी ९३ गोळे उडवले. नऊ महिन्यांनी काय मिळतं ते इथे दिसतं. तरीही आदल्याच संध्याकाळी ‘नॉरफोक’ या ब्रिटिश क्रूझरवर मारा करताना तिच्या स्वतःच्या तोफांच्या हादऱ्याने तिचं पुढचं रडार बंद पडलं होतं, आणि म्हणून ‘प्रिन्झ ऑयगन’ला पुढे घालावं लागलं. ‘बिस्मार्क’चा एक गोळा ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च्या अंगात पाण्याखाली शिरला आणि फुटलाच नाही. तो रोसाइथच्या सुक्या गोदीत सापडला. नऊ महिन्यांची पारखही सगळं पकडत नाही. मी पूर्वी हे उदाहरण चाचणीवाल्यांच्या विरोधात वापरलं असतं. आता त्याचा अर्थ मला असा दिसतो: तोफ पहिल्यांदा खरी कळते ती ती लढते तेव्हा. त्याआधी आपण फक्त अज्ञान कमी करत असतो. ते किती कमी केलं यावर माणसं जगतात किंवा मरतात.

नौकेचं पुढचं आयुष्य छोटं. ऑगस्ट १९४१ मध्ये ती चर्चिल यांना घेऊन न्यूफाउंडलंडला गेली, आणि तिच्या मागच्या डेकवर, त्याच अडकलेल्या बुरुजाच्या तोफांखाली, चर्चिल आणि रूझवेल्ट रविवारच्या प्रार्थनेला बसले. त्या भेटीतून निघालेली अटलांटिक सनद आपल्याकडे आशेने वाचली गेली, आणि तिच्यातलं स्वयंनिर्णयाचं वचन भारताला लागू नाही, हे चर्चिल यांनी सप्टेंबरमध्ये पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं. १० डिसेंबरला जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ तिला बुडवलं. कॅप्टन लीच तिच्याबरोबर गेले. तिच्या बांधणीच्या घाईत पाणबंद कप्प्यांच्या आणि वायुवीजनाच्या काही चाचण्याही पुढे ढकलल्या होत्या. पण तिचा घात मुख्यतः पंख्याच्या दांड्यापाशी लागलेल्या टॉर्पेडोने केला. तेव्हा तेही पाप बांधणीच्या घाईवर लादण्याचा मोह मी आवरतो.

याच बनावटीच्या बुरुजांचं काय झालं ते मात्र सांगायला हवं. ‘बिस्मार्क’च्या २७ मेच्या शेवटच्या लढाईत ‘किंग जॉर्ज पाचवा’ या जुळ्या नौकेचा पुढचा चौतोफी बुरूज अर्ध्या तासाच्या आसपास बंद होता, आणि ती नौका ‘प्रिन्स ऑफ वेल्स’पेक्षा जुनी, जास्त सरावलेली. मग २६ डिसेंबर १९४३. नॉर्थ केपपाशी, आर्क्टिकच्या काळोखात, याच वर्गातल्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ने ‘शार्नहोर्स्ट’ या जर्मन युद्धनौकेला गाठलं आणि चारशेहून अधिक गोळे उडवून तिला बुडवण्यात मोठा वाटा उचलला. तिच्या एका बुरुजाची जबाबदारी होती हेन्री लीच या तरुण अधिकाऱ्याकडे. जॉन लीच यांचा मुलगा. वडिलांची आणि त्याची शेवटची भेट सिंगापूरला, नौका बुडण्याच्या काही दिवस आधी झाली होती. हाच मुलगा १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाचा प्रमुख होता. दोन वर्षांच्या दुरुस्त्या आणि सराव यांनंतरही त्या रात्री ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च्या तोफांनी जेवढे गोळे उडवायला हवे होते त्याच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी उडवले. हे वाचून मला आधी निराशा वाटली, मग नाही. टक्केवारी जवळपास तीच, पण आता नेमाला रडार होतं, आणि तोफा थांबल्या तर चालू करणारे हात नौकेवरचेच होते. त्या लढाईत एकेका बुरुजाच्या रुसण्यावर नौकेचं भवितव्य टांगलेलं नव्हतं.

माझा एक जुना सहकारी अजूनही म्हणतो की मी दोन्ही दगडांवर पाय ठेवतो. तो विचारतो, अशी अपुरी नौका पाठवायला हवी होती का? मी म्हणतो, हो. मग तो विचारतो, पाठवली तर शेवटपर्यंत लढायला नको होतं का? मी म्हणतो, नाही. त्याला यात विसंगती दिसते, मला दिसत नाही. ती निघाली तेव्हा तिच्या पुढे ‘हूड’ होती, आठ तोफांची, वीस वर्षं वापरलेली. नव्या बुरुजांनी दगा दिला तरी जुने चालतील, हा पाठवणाऱ्यांचा हिशेब होता, आणि युद्धकाळात तो वाजवी होता. सहा वाजता ‘हूड’ गेली आणि तो हिशेब मोडला. त्यानंतर एकट्या न पारखलेल्या नौकेने शत्रूला आणखी जवळ जाणं म्हणजे दिवसाअखेर ‘बिस्मार्क’च्या मागावर फक्त क्रूझर उरणं.

आणि ‘पळाली’ हे मी जे म्हणत होतो, तेही घडलेलं नाही. धुराच्या पडद्यामागून बाहेर पडून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ घराकडे वळली नाही. ती ‘नॉरफोक’ आणि ‘सफोक’ या क्रूझरांना जाऊन मिळाली आणि ‘बिस्मार्क’च्या मागेच राहिली. खाली फिटर आणि खलाशी बुरूज मोकळे करत होते. तेरा सहकारी गेले होते, नौकेत पाणी होतं, सात गोळे अंगावर घेतलेले. त्याच संध्याकाळी ‘बिस्मार्क’ अचानक उलटून समोर आली, तेव्हा याच नौकेने तिच्यावर पुन्हा तोफा डागल्या. तेल संपत आलं तेव्हाच, दुसऱ्या दिवशी, तिने आइसलंडची वाट धरली.